बारावी प्रत

"गाळणी?" लिफ्टवाल्याला हसू आवरेना. "लग्नात कुणी चहाची गाळणी देतं का गं?"

"लिहा, काका," ती भांड्यांच्या दुकानदाराला म्हणाली. "सतरा नंबर. गाळणी, छोटी."

दुकानदाराने नाइलाजाने लिहिलं. दुकान उघडल्यापासून ही जोडी त्याच्या काउंटरसमोर ठाण मांडून बसली होती. लग्न महिन्यावर आलेलं. भाड्याने घेतलेली खोली रिकामी आणि दोघांची शिल्लक हॉलच्या भाड्यातच संपलेली. म्हणून ही युक्ती: संसाराला लागणाऱ्या वस्तूंची यादी या दुकानात ठेवायची, तिच्या प्रती पाहुण्यांना पाठवायच्या, आणि ज्याला जे परवडेल त्याचे पैसे त्याने इथे भरायचे. एकच वस्तू दोघांनी द्यायला नको. कल्पना लिफ्टवाल्याचीच. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करता करता त्याला असलं काहीबाही सुचायचं. "यादी नसली तर पाच घड्याळं येतील," तो म्हणाला होता, "आणि आपल्याला भिंती चारच आहेत."

पण यादी काही त्याच्या मनासारखी होईना. नवरी चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची. हातातली काच दोनदा तपासावी तशी ती प्रत्येक वस्तूची किंमत दोनदा विचारत होती. मिक्सर तिने खोडायला लावला. मोठा कुकर जाऊन धाकटा आला. मग सांडशी, साबणदाणी, सहा चमचे. दुकानदाराचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

"मिक्सर तरी राहू दे," लिफ्टवाला म्हणाला. "माझी मोठी मावशी देईल. तिची ऐपत आहे."

"एकट्या मावशीसाठी यादी करत नाही आपण."

"मग कुणासाठी करतोय? तुझ्या मैत्रिणींनाही गाळणीपेक्षा बरं काहीतरी द्यावंसं वाटेल. लोक म्हणतील, यांना मागायचंसुद्धा कळत नाही."

ती गप्प राहिली. हे गप्प बसणं त्याच्या ओळखीचं होतं. दुसऱ्याच भेटीत तिने सांगितलं होतं, बाबा लहानपणीच गेले, आई सहा वर्षांपूर्वी. आणि मग ती अशीच गप्प बसली होती. तिची खोली त्याने पाहिली होती. एक ताट, एक वाटी, एक उशी. दारावरची बेल बंद होती. कधीपासून, ते तिला सांगता आलं नाही. ती वाजवायला कुणी आलंच नव्हतं. त्याने स्टुलावर चढून तिची तार जोडली, तेव्हा बटण दाबून पाहायलाही तो स्वतःच बाहेर गेला होता.

हक्काने मागावं असं हिला कधी कुणी मिळालंच नाही, त्याच्या मनात आलं. त्याचा आवाज खाली आला. "बरं बाई. गाळणी तर गाळणी."

"प्रती किती काढू?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्याकडच्या चाळीस."

"आणि ताईंकडच्या?"

"अकरा," तिच्या वतीने तोच म्हणाला. "कारखान्यातल्या अकरा जणी."

"बारा," ती म्हणाली.

प्रती निघाल्या. तिने पर्समधून एक पाकीट काढलं. पत्ता आधीच लिहिलेला होता. बारावी प्रत घडी घालून तिने आत सरकवली, तेव्हा त्याने वाकून वाचलं. एका बाईचं नाव. आडनाव हिचंच. खाली एक नंबर, आणि त्याखाली: मध्यवर्ती कारागृह, महिला विभाग.

"कोण ही?"

"आई."

दुकानदाराने फडकं उचललं आणि मागच्या फळीवरची चकचकीत पातेली पुसायला घेतली.

"तू म्हणालीस, आई गेली."

"सगळ्यांना तेच सांगत आले." तिची नजर पाकिटावर होती. "आधी घरमालकाला सांगितलं, खोली मिळेना म्हणून. मग कारखान्यात. मग तेच खरं वाटायला लागलं. तिची पत्रं येतात. मी उत्तर देत नाही."

"काय केलं त्यांनी?"

"सांगेन. काही लपवणार नाही. ऐकून तुला मागे फिरायचं असेल तर फीर." तिने पाकिटाची कड दुमडली. "ती तिथे शिवणकाम करते. दिवसाची मजुरी म्हणजे बिस्किटांचा एक पुडा येईल एवढी. अर्ज केला की त्यातले पैसे बाहेर पाठवता येतात, असं तिनेच लिहिलं होतं. मुलीच्या लग्नाची यादी हातात आल्यावर तिला परवडेल असं त्यात एक तरी काही दिसायला नको?"

लिफ्टवाला उठला. काचेचं दार ढकलून बाहेर गेला.

ती बसून राहिली. काचेतून त्याची पाठ दिसत होती. फोन कानाला होता. मावशीला सांगत असेल. सांगायलाच हवं, घरातलं मोठं माणूस आहे. तिने त्याच्या चाळीस प्रती वेगळ्या केल्या, कडा जुळवल्या आणि त्याला जाता जाता उचलता येतील अशा काउंटरच्या टोकाला ठेवल्या. आपल्या बारा मांडीवर घेतल्या.

"पाणी देऊ, ताई?" दुकानदाराने विचारलं. तिने मान हलवली. नको.

दार पुन्हा ढकललं गेलं. फोन अजून कानालाच होता, आणि पलीकडे छापखान्याचं मशीन धडधडत असावं, कारण तो ओरडून बोलत होता.

"हो, हो, लग्नपत्रिकाच! छापायला घेतल्या असतील तर आत्ताच्या आत्ता थांबवा... नाही हो, तारीख तीच आहे, हॉलही तोच. फक्त नवरीच्या आईच्या नावाआधीचं ते 'कै.' काढा."