तासात व्यत्यय नको

“की-बोर्डचं बटण दाबलं की प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, आधी बटणाकडे बघतो आणि मग जिथे होता तिथे परत येतो. यालाच इंटरप्ट...”

दातीर मॅडमचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच रंगनाथ शिपाई दारात उभा. “मॅडम, मुलांच्या आधार नंबरांची यादी द्या. प्राचार्यांनी आत्ताच मागितलीय.”

तंत्रनिकेतनात एका तासातला हा चौथा निरोप होता. यादी देऊन मॅडम फळ्याकडे वळल्या, तर आपण कुठे होतो हेच त्यांना आठवेना. परीक्षा दहा दिवसांवर आली होती आणि निम्मा अभ्यासक्रम शिल्लक होता.

संतापून त्या प्राचार्य गुंजाळांकडे गेल्या. “सर, कॉम्प्युटरसुद्धा असा छळ करत नाही. मोठी माहिती असली की प्रोसेसर फक्त किती आणि कुठे न्यायची ते सांगतो. मग ती डिस्कवरून थेट मेमरीत जाते, आणि सगळं झाल्यावर त्याला एकदाच कळवतात. तुम्हीही मुलांकडून माहिती थेट घ्या ना!”

प्राचार्यांना ते इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथे आदेश काढला.

दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात शिरल्या आणि थबकल्या. वर्ग रिकामा; सगळी मुलं आपली माहिती थेट द्यायला ऑफिससमोर रांगेत उभी होती. तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. “काय मॅडम, आता तुमच्या तासात कोणाचा व्यत्यय नाही ना?”

रिकाम्या बाकांकडे बघत मॅडम म्हणाल्या, “नाही सर. अगदी कोणाचाच नाही.”