तयार रंग

"ही आमची नव्हे." कॉम्प्युटरवरचा चेहरा बघून बाईंचा जीव भांड्यात पडला. "आमची वैजू सावळी आहे."

परागचा माउसवरचा हात थबकला. बेवारस सापडलेल्या कवटीवरून पोलिसांसाठी तो चेहरा त्यानेच उभा केला होता. हाडांवरून नाक कळतं, जबडा कळतो. कातडीचा रंग कळत नाही. पोस्टरवर छान दिसावा म्हणून त्याने सॉफ्टवेअरमधला तयार गोरा रंग चढवला होता, शिवाय समोरून मऊ उजेड सोडला होता.

आता त्याने रंग सावळा केला. उजेड बाजूला सरकवला. गालाखाली सावली उतरली.

बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"स्टँडवर पोस्टर आहे ना, गोऱ्या मुलीचं?" बोळा काढून त्या म्हणाल्या. "त्याच्याच खाली बसून वर्षभर वैजूची वाट बघतेय मी."