दीड महिना अळणी

आकाराम मिस्त्री जेवायला घरी आले तेव्हा तानाबाई पोथीला बसल्या होत्या. अध्याय निम्म्यावर आला होता. एकदा सुरू केला की संपेपर्यंत आसन सोडायचं नाही आणि पोथीतल्याखेरीज दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम.

मिस्त्रींनी हातपाय धुतले आणि देव्हाऱ्यापाशी येऊन उभे राहिले. अंबाबाईच्या टाकापुढं एक खाकी पाकीट होतं. या घरात आलेलं टपाल आधी देवीपुढं जायचं, दिवेलागणीनंतरच फोडायचं. पण पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का होता. मिस्त्रींना दम निघाला नाही.

"इंजिनिअरिंगचं असंल," ते म्हणाले आणि पाकीट उचललं.

ते इंजिनिअरिंगचं नव्हतं. त्यांची लेक श्यामला इंटर सायन्सला पहिल्या वर्गात आली, तेव्हा तिने दोन फॉर्म भरले होते. सांगलीला इंजिनिअरिंगचा, तो आप्पांच्या, म्हणजे मिस्त्रींच्या, सांगण्यावरून. पुण्याला महिला विद्यापीठाच्या कॉलेजात संगीताच्या पदवीचा, तो गुपचूप. आज दिवा लागला की आप्पांना सांगायचं, असं मायलेकींचं सकाळीच ठरलं होतं. फॉर्म टपालात पडल्या दिवसापासून तानाबाईंनी मीठ सोडलं होतं. ह्यांना कळेल तेव्हा ह्यांचा राग पोरीवर निघू नये म्हणून हे व्रत; कळेपर्यंत अळणी. त्याला दीड महिना झाला होता.

मिस्त्रींनी पाकिटाची कड फाडली.

तानाबाईंची ओवी अडखळली. तीच ओवी त्यांनी पुन्हा म्हटली, मोठ्यानं. मग तिसऱ्यांदा. आत श्यामला भाकरी थापत होती. आईच्या पोथीचा रोजचा सूर तिला पाठ; तो आज वर चढून हलत होता. ती पिठाच्या हातांनी दारात आली आणि आप्पांच्या हातातला कागद बघून तिथंच थांबली.

मिस्त्रींनीही मान वर केली. उद्यमनगरात पंचवीस वर्षं त्यांनी लेथवर काढली होती. भट्टीतून आलेलं कास्टिंग लेथवर चढवायच्या आधी ते हातोडीनं वाजवून बघायचे. चांगलं असलं तर खणखणतं, आत चीर असली तर बद्द.

"काय गं, बद्द वाजाय लागलीस," ते बायकोला म्हणाले. "चीर पडली व्हय कुठं?"

तानाबाई पोथीवरची नजर न हलवता पुढची ओवी वाचू लागल्या.

मिस्त्रींनी कागद वाचला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून. मग घडी घातली.

"गाण्याची परीक्षा हाय. सोमवारी, पुण्याला."

श्यामला बोटांवरचं पीठ चोळून काढत राहिली. तानाबाईंनी वाचता वाचता डावा हात मांडीवरून उचलला आणि पोरीकडं करून दोनदा हलवला. बोल.

"आप्पा, तो फॉर्म मीच भरलाय," श्यामला म्हणाली. "तुमची सही पण घेतली त्यावर. इंजिनिअरिंगच्या फॉर्मखाली ठेवून. नुसती सहीची जागा उघडी ठेवली होती."

"म्हाईत हाय."

पोथी थांबली. जिथं थांबायचं नसतं, तिथं थांबली.

"वाच की, तुझं तू वाच," मिस्त्री तिकडं न बघता म्हणाले. मग पोरीकडं वळले. "ड्रॉइंग बघितल्याबिगर मी लोखंडाला हात लावत न्हाय. आणि पोरीच्या कागदावर न वाचता सही करीन? तू पाणी आणाय आत गेलतीस, तवा वरचा कागद उचलून बघितला."

"मग बोलला का नाही?"

"तू का न्हाय बोललीस?" मिस्त्रींचा आवाज चढला. "मला तुला इंजिनिअर झालेली बघायची हाय. ते मी लपवलं का कधी? गल्लीभर सांगत सुटलोय. तू तुझं सांगशील म्हणून बघतोय, तर तू आपली भाकरी वाढून आत. रोज वाटायचं, आज सांगंल."

"भीती वाटत होती."

"माझी?"

श्यामलाने मानेनंच हो म्हटलं. मिस्त्रींनी हातातली घडी जिथून उचलली होती तिथं, देवीपुढं, परत ठेवली.

"सोमवारी परीक्षा देऊन ये. मी येतो संगं, एसटीनं जाऊ. सांगलीचं पत्र बी येऊ दे. दोन्ही हातात आली की बस माझ्याम्होरं आणि सांग काय करणार. मी म्हणायचं ते म्हणीन. पण तू सांग."

आतून भाकरी करपल्याचा वास आला. श्यामला पळाली. जराशानं पुन्हा थापल्याचा आवाज येऊ लागला आणि त्याच्यासंगं बारीक गुणगुणणं.

तानाबाईंचा सूर जाग्यावर आला होता. उरलेल्या ओव्या त्यांनी अजिबात घाई न करता वाचल्या. अध्याय संपला. पोथी रुमालात बांधली, देवीपुढं डोकं टेकलं, आसन गुंडाळलं. मग वळल्या.

"दीड महिना! दीड महिना मला अळणी जेवू दिलंसा?"

"कशापायी ते कळत हुतं की. पण व्रत तुझं. मधी बोलून मी कशाला पाप घेऊ?" मिस्त्री पाटावर बसले. "आणि तुझ्या नादात माझी आमटी बी आठवड्यातनं दोनदा अळणी हुती. बोललो का?"

आत श्यामला मोठ्यानं हसली. तिने तीन पानं मांडली. तानाबाईंनी मिठाची बरणी आधी देवीपुढं नेली. मग नवऱ्याच्या पानात चिमूटभर वाढलं, पोरीच्या पानात चिमूटभर. आपल्या पानाशी त्यांचा हात जरा थांबला.

तिथं त्यांनी दोन चिमटी वाढल्या.