दानम्माचा ओटीपी

"पुन्हा फोन कापला त्येनं," दानम्मा म्हणाली आणि तिने मोबाइल टेबलावर आपटला.

ते टेबल म्हणजे लुंबिनीचं नवं ऑफिस. लातुरातल्या दोन खोल्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीशी. सरांच्या कर सल्लागार कार्यालयात आठ वर्षं लोकांचे हिशेब लिहून झाल्यावर तिने नोकरी सोडली होती. नवऱ्याने, आनंदराजने, दारावर हौसेने पाटी लावली. गिऱ्हाईक मात्र एकटी दानम्माच आली, तीही सरांशी भांडून. आणि सर काही तिला सोडायला तयार नव्हते.

धरून ठेवायची त्यांची तऱ्हा साधी होती. दानम्मा शेंगदाणा चटणीची कारखानदारीण. तिची जीएसटीची नोंदणी सरांनी करून दिली, आणि तिथे मोबाइल नंबर टाकला स्वतःचा. आता तिचं रिटर्न भरायचं तर ओटीपी सरांच्या फोनवर जाणार आणि सर तो सांगणार नाहीत. रिटर्न अडलं, त्यामुळे कराची वजावट मिळेना म्हणून नांदेडच्या दुकानदाराने माल घेणं थांबवलं होतं. इकडे हे पहिलंच गिऱ्हाईक परत फिरलं, तर लुंबिनीची पाटी उतरणार हेही उघड होतं.

"मी सरांकडे जाऊन येते," लुंबिनी म्हणाली.

सरांनी तिला बसायला सांगितलं, चहा विचारला.

"दानम्मा अक्कांचा ओटीपी द्या सर. मग चहा घेते."

"त्या आपल्या क्लायंट आहेत, लुंबिनी."

"त्यांना इथे राहायचं नाही."

"आज रागात आहेत. चार दिवसांत येतील. सगळे येतात." सर गोड हसले आणि समोरची फाइल उघडून वाचायला लागले.

लुंबिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय ही मुजोरी! माणसाने काम आवडलं तर राहावं, नाही तर जावं. इथे मात्र दाराला बाहेरून कडी. घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"शेंगदाणे तुम्ही भाजता अक्का, हात तुमचे पोळतात, आन् ओटीपी त्याच्या खिशात? ही काय त्याच्या बापाची जहागीर हाय का?"

"मंग करावं काय आता?"

"उद्या जीएसटी ऑफिसात जाऊ. मालकानं सोता आधार, पॅन दाखवलं की नंबर बदलून मिळतो."

दानम्मा तिच्याकडे बघतच राहिली. "येवढंसंच काम हाय व्हय? मला तर त्यो म्हणला, आता जलमभर बदलत न्हाई."

"म्हणणारच. तुमाला कळलं तर त्याला कोण विचारतंय?"

दुसऱ्या दिवशी दोघी रिक्षाने गेल्या. वाटेत दानम्मा फोनवर उदगीरच्या ऑर्डरी घेत होती, कोणाला लसणाची, कोणाला बिनलसणाची, हे न लिहिता पक्कं ध्यानात ठेवत होती. अशा बाईला त्या माणसाने अडाणी समजावं, याचा लुंबिनीला नव्याने संताप आला. रिक्षावाल्यालाही तिने सगळी हकीकत ऐकवली. त्यानेही सरांना मनापासून शिव्या घातल्या, तेव्हा कुठे तिला जरा बरं वाटलं.

ऑफिसात लुंबिनीने अर्ज लिहिला, दानम्माने सही केली. साहेबांनी आधारवरचा फोटो बघितला, दानम्माला बघितलं, कागद तपासले.

"याआधी कोणाचा नंबर होता?"

"ज्याचा असायला नको होता त्याचा," लुंबिनी ताडकन म्हणाली. "एका बाईचा आख्खा धंदा मुठीत धरून बसलाय तो, साहेब. अशा लोकांना कोणी जाब विचारत नाही."

साहेबांनी मान हलवली. दानम्माचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी आजवर कुणी इतकं भांडलं न्हाई, बाई," ती म्हणाली.

"बरं, नवा मोबाइल नंबर सांगा," साहेब म्हणाले.

दानम्माने पदराने डोळे पुसले आणि ती ताठ होऊन पुढे सरकली. "हाव. लिवा साहेब. नव्याण्णव, सत्तर..."

"थांबा अक्का," लुंबिनी म्हणाली, आणि तिने साहेबांना स्वतःचा नंबर सांगितला.