खराटा, एक नग

“साहेब, पाऊल नंतर. आधी खराटा.”

सकाळपासून हे वाक्य धनेश भोईरने दहाव्यांदा ऐकले आणि दहाव्यांदा तो नुसता हसला. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन कारखान्यांना जोडणाऱ्या, साडेतीन किलोमीटर लांबीच्या हायड्रोजन वाहिनीची आज अखेरची तपासणी होती. चाचणीपुरता वायू कमी दाबाने भरून ठेवलेला होता. बारा वाजता धनेशची प्रमाणपत्रावर सही झाली, की मुख्य झडप उघडून पूर्ण दाब सोडला जाणार होता. साडेअकरा झाले होते. एप्रिलचे ऊन माथ्यावर आले होते. एकच सांधा पाहायचा राहिला होता.

सोबतचा कमरुद्दीन हा वाहिनीचा गस्तवाला. बावीस वर्षे आखातातल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात काढून तो पनवेलला परतला होता. माडाच्या हिरांचा खराटा त्याने सहा हात लांब बांबूच्या टोकाला बांधला होता. तो पुढे धरून, हवेत डावीउजवीकडे फिरवत तो पाऊल टाकी. तासाभराच्या कामाला त्यामुळे तीन तास लागले होते.

“चाचा, रस्ता झाडताय की वेळ काढताय?”

“रस्ता नाही साहेब. हवा झाडतो.”

“मग? काही निघाला का केर?”

“निघाला नाही, त्यातच खैर आहे.”

धनेशला या खराट्याचा राग सकाळपासूनच होता. कारखान्याने दिलेल्या सुरक्षा साहित्याच्या यादीत वायुमापक, अग्निशामक नळकांडी, हातमोजे असे सगळे रीतसर लिहिलेले होते. आणि एकविसाव्या क्रमांकावर: ‘खराटा, एक नग’. धनेश तंत्रनिकेतनात शिकलेला. चौदा वर्षांत त्याने वायूच्या शेकडो वाहिन्या तपासल्या होत्या. हायड्रोजनची मात्र ही पहिलीच. सकाळीच त्याने लाल शाईने ती ओळ खोडली होती आणि समासात शेरा मारला होता: ‘झाडलोटीचे साहित्य या यादीत घालू नये.’

शेवटचा सांधा कारखान्याच्या भिंतीलगत, छातीच्या उंचीवर होता. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर घरघरत होते. दुसरा आवाज ऐकू येणे शक्य नव्हते. चार हात अंतरावर उभे राहून धनेशने मापकाची दांडी पुढे केली. काटा जागचा हलला नाही. सांध्याभोवती स्वच्छ ऊन होते, मागची पांढरी भिंत लख्ख दिसत होती. त्याने तक्त्यात लिहिले: मापक शून्य. उष्णता जाणवली नाही. ज्वाला दिसली नाही.

आता सांध्याजवळ वाकून दाबाचा आकडा टिपला, की संपले. त्याने पाऊल उचलले.

बांबू त्याच्या छातीवर आडवा आला.

“अहो चाचा, पुरे झालं आता!”

“अल्लाच्या वास्ते, साहेब. दोन पावलं मागं.”

त्या आवाजात अशी काही धार होती, की धनेश मागे झाला. कमरुद्दीनने खराटा सावकाश पुढे सरकवला. सांध्यापासून हातभर अंतरावर, काहीच नसलेल्या जागी, हिरांची टोके एकदम पेटली. ठिणगी उडाली नाही, धूर आला नाही. रिकाम्या हवेने खराट्याला आग लावली होती.

कमरुद्दीनने पेटलेला खराटा जमिनीवर दाबून विझवला. मग वाकून पायाखालची, खाडीकडची खारी माती मूठभर घेतली आणि सांध्याच्या दिशेने उधळली.

आणि धनेशला ती दिसली. क्षणभरच. सांध्यातून भिंतीला समांतर निघालेली, पुरुषभर लांब, मातीतल्या मिठाने पिवळीधमक, तलवारीसारखी सरळ ज्वाला. माती खाली बसली आणि ती पुन्हा नाहीशी झाली. उरले स्वच्छ ऊन आणि पांढरी भिंत. जिथे त्याचा चेहरा वाकणार होता, नेमक्या तिथून ती गेली होती. कदाचित सकाळपासून ती तिथेच होती, निवांत, कोणालाही न दिसता. हायड्रोजनची ज्वाला उन्हात दिसतच नाही. सुटणारा कणन् कण तिथल्या तिथे जळत होता; मापकाला हुंगायला काही उरतच नव्हते. चार हात अंतरावर उभ्या माणसाच्या गालाला झळसुद्धा लागत नव्हती. भीती मागाहून आली. आधी धनेशचे हात, देवळाच्या गाभाऱ्यासमोर जुळतात तसे, नकळत छातीशी जुळले.

भानावर येऊन तो दूरवर गेला आणि त्याने नियंत्रण कक्षातल्या कुमारला फोन लावला. “कुमार, वायूचा पुरवठा तोडा. आत्ता. बाराचं काही विचारू नका.”

दहा मिनिटांनी कमरुद्दीनने अर्धवट जळलेला खराटा पुन्हा त्याच जागी धरला. काही झाले नाही.

“गेली,” तो म्हणाला. मग खराट्याकडे पाहून त्याने मान हलवली. “आता घरी बीवीपुढं माझी खैर नाही. कालच फहमिदानं नवा बांधून दिला होता.”

धनेश भिंतीच्या सावलीत बसला. प्रमाणपत्रावर तिरपी रेघ मारून त्याने ते रद्द केले. मग लाल पेन हातात धरून सकाळपासूनचे सगळे कागद पुन्हा वाचायला घेतले. इतकी मोठी चूक कुठेतरी लिहिली गेलेली असणारच. मापक शून्य: खरे. उष्णता जाणवली नाही: खरे. ज्वाला दिसली नाही: अक्षरशः खरे. एकेका नोंदीवर बोट ठेवत तो एकविसाव्या क्रमांकापाशी आला आणि थांबला.

सगळ्या कागदांत चूक एकच होती: त्याची स्वतःची लाल रेघ.