ताटात उरलेलं

भागीरथाबाईंचं बीपी वाढलं, तसं रिसालीच्या कामगार वस्तीतल्या त्यांच्या घरातलं मीठ नावापुरतं उरलं. नवरा श्रावणराव छाती फुगवून म्हणाले, "तू अळणी खाशीन, तर मीबी अळणीच खाईन." आळीभर कौतुक झालं. पण पोलाद कारखान्याच्या भट्टीसमोर जन्मभर घाम गाळलेल्या माणसाची जीभ ती! बाई पोळी आणायला आत वळल्या की खिशातली मिठाची पुडी निघायची, आणि वरणभातात हळूच बोटं फिरायची.

औषधं बदलली, पण बीपी काही उतरेना. डॉक्टर रागावले, "माताजी, आपने नमक बंद नहीं किया!" बाईंचे डोळे भरून आले. परतताना स्कूटरवर श्रावणरावांनी वरून टोमणा हाणला, "लोणचं लपवून ठेवलं असशीन कुठंतरी. सांगून टाक नं वं!"

त्या दुपारी श्रावणराव जेवून हात धुवायला उठले. सासूनं लावून दिलेल्या रीतीनं बाई रोजच्यासारख्या नवऱ्याच्याच उष्ट्या ताटावर बसल्या, आणि उरलेल्या वरणभाताचा घास तोंडात घालत म्हणाल्या, "देवाशपथ, मी चोरून काईच खात नाई जी. माह्यावालं अळणी तर गळ्याखाली उतरत नाई. तुमच्या ताटातलं उरते नं, तेवढंच मले लय गोड लागते."

श्रावणरावांचा ओला हात खिशातल्या पुडीवर मिटला. मग ना तो हात बाहेर निघाला, ना मान वर झाली.