आजींचा फोन

म्हाताऱ्या माणसांची खुशाली विचारायला पालिकेतून रोज सकाळी फोन यायचा. घरात मायलेकी दोघीच. त्या दिवशी आईने फोनवरच्या मुलीलाच दटावलं, "मी धडधाकट आहे गं, तू तुझा खोकला बघ!" कामावर निघालेली लेक दारात हसली. संध्याकाळी आई गेली.

फोन मात्र चुकेना. रोज नवा आवाज. "आजी, औषध घेतलंत?"

"अहो, आजी गेल्या! किती वेळा सांगायचं?" लेक वैतागायची.

"सॉरी हं ताई, वर कळवते."

पालिकेत खेटे घालून लेकीच्या अंगाचा तिळपापड झाला. अखेर एका सकाळी पलीकडून आवाज आला, "ताई, आजींचं नाव यादीतून काढलं. उद्यापासून फोन येणार नाही."

लेक म्हणाली, "उद्याही करा हो. मला विचारणारं आता कुणी नाही."